तेल गळतंय कुठून?

ज्यांचं बालपण रॉकेलच्या स्टोव्हच्या आवाजात गेलं, त्यांना त्याच्या पंपातला चामड्याचा वायसर आठवत असेल. स्टोव्ह बरेच दिवस वापरला नाही की वायसर वाळायचा. मग कितीही पंप मारा, हवा भरायची नाही. आई वायसर काढून त्याला खोबरेल तेलाचं बोट लावायची आणि स्टोव्ह पुन्हा फुरफुरू लागायचा. आमच्या गॅरेजमध्ये १९६८ सालच्या फोक्सवॅगन बीटलखाली तेलाचं थारोळं दिसलं, तेव्हा मला तो वायसर आठवला.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेचं दार उघडलं आणि आपल्यापैकी बरेचजण इथे आले. त्या काळात बीटल ही विद्यार्थ्यांची लाडकी गाडी. १९६८ या एका वर्षात इथे चार लाखांहून अधिक बीटल विकल्या गेल्या. आमची मी १९७२ साली सेकंडहँड घेतली. थोरल्या मुलीला इस्पितळातून घरी आणलं ते हिच्यातूनच. आता त्याच मुलीच्या मुलीला ती हवी आहे. सौ. म्हणाली, "चढावर क्लच घसरतो, अशी गाडी पोरीच्या हाती देऊ नका." तिचं म्हणणं खरं होतं. गळणारं तेल क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरणारच.

इंजिनातला क्रँकशाफ्ट तेलात फिरतो, पण त्याचं एक टोक बाहेर येऊन क्लचला जोडलेलं असतं. तिथून तेल बाहेर येऊ द्यायचं नाही, पण शाफ्टचं फिरणंही अडवायचं नाही, हे काम ऑइल सीलचं. रबराचा पातळ ओठ आणि तो आवळून धरणारी बारीक स्प्रिंग, एवढंच त्याचं शरीर. ओठाखाली तेलाचा अगदी पातळ थर लागतोच. कोरडा फिरला तर तो जळतो. पूर्वी अशी सीलं चामड्याची किंवा नमद्याची असत. जर्मनीतल्या वाइनहाइम गावची फ्रॉइडेनबर्ग कंपनी मुळात कातडी कमावणारी. तिने आधी चामड्याची सीलं केली आणि १९३० च्या दशकात ती कृत्रिम रबराकडे वळली. म्हणजे आपला वायसर आणि हे सील एकाच घराण्यातले! बीटलच्या पुलीच्या बाजूला मात्र मूळ रचनेत रबरी सील नाहीच. तिथे पुलीवर कोरलेले आटे तेल आत परत ढकलतात.

सील बदलण्याआधी गळती ओळखावी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून टपकणारं तेल दोन्हींपैकी कुठलंही असू शकतं. गिअरच्या तेलाला गंधकाचा उग्र वास येतो, इंजिनच्या तेलाला येत नाही. आमचं इंजिनचंच होतं.

बीटलचं इंजिन मागे, चार बोल्टांवर टांगलेलं. बॅटरी सोडवावी, पेट्रोलची नळी चिमटून बंद करावी, तारा आणि केबली काढाव्यात. गाडी भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. इंजिन शंभर किलोच्या वर भरतं, म्हणून त्याखाली जॅक हवा आणि हाताशी दुसरा माणूस हवा. आधी ते सरळ मागे ओढायचं आणि मगच खाली घ्यायचं. जुन्या क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपावी.

क्लच उतरवला की फ्लायव्हील दिसतं. ते एकाच मोठ्या नटाने बसवलेलं असतं आणि तो २५३ फूट-पौंड इतका आवळावा लागतो. चार फुटी दांडी लावली तरी टोकाला सुमारे ६३ पौंड जोर! नात दांडीला लोंबकळली, तेव्हा कुठे तो सुटला.

आता खरी गोम. हेच सील वीसेक वर्षांपूर्वी एका गॅरेजने बदललं होतं आणि वर्षभरात ते पुन्हा गळू लागलं होतं. कारण सील हे फक्त लक्षण, रोग दुसरीकडे. क्रँकशाफ्ट किंचित मागेपुढे सरकतो. ती सरक ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असावी. आमची ०.२५ भरली. फ्लायव्हील असं हलत राहिलं तर नवं सीलही टिकत नाही. उपाय म्हणजे फ्लायव्हीलमागच्या तीन पातळ चकत्या. जुनं सील काढून दोनच चकत्यांवर फ्लायव्हील आवळायचं, डायल गेजने सरक मोजायची आणि त्यातून ०.१० वजा करायचे. उरेल तेवढ्या जाडीची तिसरी चकती घालायची. बेअरिंगच घरात सैल झालं असेल तर मात्र चकत्या निरुपयोगी. मग इंजिन उघडावंच लागतं. आमचं सुदैवाने वाचलं.

सरक बसली की नवं सील घालावं. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, ओठाला तेलाचं बोट, आणि चहूबाजूंनी सारखं दाबत आत. फ्लायव्हीलच्या ज्या कड्यावर ओठ घासतो तिथे नख अडकेल असा चर असेल, तर नवं सीलही व्यर्थ. फ्लायव्हीलमधली रबरी कडीही बदलावी. तेल प्यायलेली क्लच प्लेट धुऊन वापरू नये, नवी घालावी.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. एक गॅलन तेल दहा लाख गॅलन पाणी नासवू शकतं. ते डब्यात भरून संकलन केंद्रात द्यावं.

परवा नातीने गाडी आमच्या गल्लीतल्या चढावर नेली. क्लच घसरला नाही. रात्री खाली पुठ्ठा ठेवला होता. सकाळी तो कोरडा होता. तिला एकच अट घातली आहे: महिन्यातून दोनदा तरी गाडी चालवायची. वायसर काय आणि सील काय, वापरात असेल तोवरच ओलं राहतं.