खेळायला आलात? मग शिक्का दाखवा!

बालमित्रांनो, म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. १९९८ साली फुटबॉलचा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघातला दाविद त्रेझेगे २०१४ साली तिथे खेळला, आणि तोही आपल्या ‘एफसी पुणे सिटी’कडून! हा क्लब २०१९ साली बंद झाला. याच संकुलात २०१८पासून काही वर्षं महाराष्ट्र ओपन टेनिस स्पर्धाही भरत होती. देशोदेशीचे खेळाडू तिला येत.

आता सांगा, हे पाहुणे आले कसे? तिकीट काढलं आणि विमानात बसले, एवढंच? छे! त्यांना आधी व्हिसा काढावा लागला. आणि तोसुद्धा बरोबर कामाचा.

पासपोर्ट वेगळा, व्हिसा वेगळा

तुमच्या शाळेच्या फाटकावरचे शिपाईकाका आठवा. कोणी आलं की ते विचारतात, “कोण आपण? काय काम आहे?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पासपोर्ट. तो आपला देश आपल्याला देतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे व्हिसा. तो ज्या देशात जायचं तो देश देतो. कशासाठी यायचं आणि किती दिवस राहायचं, हे त्यावर ठरतं. पालकसभेला म्हणून आत आलेल्या माणसाने मैदानात भेळेची गाडी लावली, तर शिपाईकाका गप्प बसतील का? तसंच हे. फिरायला आलो असं सांगून पैसे घेऊन कार्यक्रम करता येत नाही.

पूर्वी इतकी कागदपत्रं नव्हती. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सुरू केलेली सर्कस ही भारतातली पहिली सर्कस मानली जाते. त्यांचा तंबू समुद्रापलीकडेही गेला. पण पहिल्या महायुद्धानंतर जगभर नियम कडक झाले. आपल्याकडे पासपोर्टचा कायदा १९२० साली आला.

ते आपल्याकडे येतात तेव्हा

भारतातल्या क्लबने ठरावीक मुदतीचा करार केला, तर त्या परदेशी खेळाडूला ‘एम्प्लॉयमेंट’ म्हणजे नोकरीचा व्हिसा लागतो. हॉटेलात किंवा क्लबात करारावर नेहमी कार्यक्रम करणाऱ्या परदेशी कलाकारालाही हाच. पण व्यावसायिक स्पर्धेपुरतं मानधन घेऊन खेळणाऱ्यांसाठी ‘बिझनेस’ व्हिसा असतो. आहे ना गंमत? चेंडू तोच, मैदान तेच, पण करार बदलला की व्हिसाही बदलतो! नोकरीचा व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणीही करावी लागते.

आपण जातो तेव्हा

पुण्यातले गायक, वादक, नाटकवाले अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या बोलावण्यावरून तिकडे जातात. अमेरिकेत अशा पाहुण्यांसाठी ‘पी’ नावाचे व्हिसा आहेत. ‘पी-१’ मोठ्या दर्जाच्या खेळाडूंना आणि नावाजलेल्या कलासंचांना मिळतो. ‘पी-३’ हा एखाद्या समाजाची खास कला सादर करणाऱ्यांसाठी असतो. लावणी म्हणा, पोवाडा म्हणा, त्यात बसू शकतात. कलाकारांना साथ देणाऱ्या आवश्यक तंत्रज्ञांचीही सोय आहे. कलाकाराची मुलं ‘पी-४’वर बरोबर जाऊ शकतात. ती तिथल्या शाळेत शिकू शकतात, पण नोकरी करू शकत नाहीत.

अर्ज आधी बोलावणाऱ्याने तिकडे करायचा. तो मंजूर झाला की कलाकाराने मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला जायचं. पुरावे काय लागतात? करार, कार्यक्रमांचं वेळापत्रक, जुन्या कार्यक्रमांची कात्रणं, जाणकारांची पत्रं.

एका किश्श्यात तर अधिकाऱ्यांचाच गोंधळ उडाला. अर्जेंटिनाचा एक वाद्यवृंद ज्यूंचं लोकसंगीत आणि दक्षिण अमेरिकेचं संगीत मिसळून वाजवायचा. “ही तर भेसळ, ही कुठल्या समाजाची खास कला?” असं म्हणून अर्ज नाकारला गेला. प्रकरण वर गेलं, आणि २०१२ साली निकाल लागला की दोन परंपरांच्या मिलाफातूनही खास कला जन्मू शकते. वाद्यवृंद जिंकला!

शिक्का अडला तर?

इंग्लंडचा वीस वर्षांचा फिरकी गोलंदाज शोएब बशीर २०२४च्या जानेवारीत भारतात खेळायला निघाला होता. व्हिसाला उशीर झाला. संघ हैदराबादला पोचला आणि हा लंडनला परतला. पहिली कसोटी हुकली. दुसऱ्या कसोटीत, विशाखापट्टणमला, त्याने पदार्पण केलं आणि पहिलाच बळी घेतला रोहित शर्माचा!

टेनिसपटू नोव्हाक जोकोविचची गोष्ट आणखी वेगळी. करोनाची लस न घेता तो २०२२च्या जानेवारीत मेलबर्नला उतरला. व्हिसा रद्द झाला, कोर्टाने परत दिला, सरकारने पुन्हा रद्द केला. अखेर स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याला देश सोडावा लागला. पुढच्या वर्षी मात्र तो रीतसर व्हिसा घेऊन गेला आणि तीच स्पर्धा जिंकला.

या दोघांच्या पाठीशी मोठी माणसं होती. पण एखाद्या खेडेगावातल्या ढोलकीवाल्याचं काय? “टुरिस्ट व्हिसावर नेतो, विचारलं तर फिरायला आलो म्हण,” असं सांगणारे दलाल असतात. पकडला गेला तर परत पाठवला जातो ढोलकीवाला, दलाल नव्हे. पुढच्या वेळी व्हिसा मिळणंही अवघड होतं. मानधन बुडालं, तर तक्रार करायचीही भीती वाटते. काही लोक तर कला येत नसलेल्यांना कलाकार म्हणून परदेशी नेतात. याला ‘कबुतरबाजी’ म्हणतात. त्यामुळे खऱ्या कलाकारांकडेही संशयाने पाहिलं जातं.

म्हणून दोस्तांनो, तुमच्यापैकी कोणी मल्लखांब करत असेल, कोणी तबला शिकत असेल, तर आजपासून एक फाइल करा. प्रत्येक प्रमाणपत्र, प्रत्येक कात्रण तारखेनिशी त्यात लावा. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. करार वाचल्याशिवाय सही नाही आणि आपला पासपोर्ट दलालाच्या ताब्यात द्यायचा नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा. आणि कधी ना कधी परदेशातल्या खिडकीपलीकडून प्रश्न येईल, “काय काम काढलंत?” तेव्हा मान वर करून सांगा, “माझी कला दाखवायला आलोय!”