विमानातून आलेले पाकीट

पत्र वाचून झाले की आपण त्याचे पाकीट चुलीत घालतो. पण लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पाकिटे नि तिकिटे पोथीसारखी जपून ठेवतात. टॅपलिंग नावाच्या गृहस्थांचा तिकिटांचा मोठा संग्रह १८९१ साली ब्रिटिश म्युझियमला मिळाला. पुढे तो या लायब्ररीकडे आला. फिट्झजेराल्ड यांचा संग्रह हवाई टपालाचा आहे.

हवाई टपाल जमवणारे लोक जेट विमानांच्या पहिल्या फेऱ्यांची पाकिटे मुद्दाम शोधतात. त्यांतली काही पाकिटे भिजून डागाळलेली असतात. आम्हांला तीच मोलाची वाटतात. का, ते सांगतो.

आधी जेट म्हणजे काय ते बघू. फुगा फुगवा आणि तोंड न बांधता सोडा. वारा मागे सुटतो, फुगा पुढे पळतो. जेटचे इंजिन समोरून हवा ओढते, तिच्यात रॉकेलच्या जातीचे तेल जाळते आणि तापलेली हवा जोराने मागे फेकते. त्या धक्क्याने विमान पुढे जाते.

२ मे १९५२ रोजी 'कॉमेट' जातीचे विमान लंडनहून दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गला निघाले. उतारू नेणाऱ्या जेट विमानाची ही जगातली पहिली नियमित फेरी. त्याच वर्षी ऑगस्टपासून कॉमेट मुंबईवरून कोलंबोला जाऊ लागले.

पहिल्या फेरीचे तेच विमान १० जानेवारी १९५४ रोजी इटलीजवळ एल्बा बेटापाशी समुद्रात कोसळले. आतली ३५ माणसे गेली. एप्रिलात दुसरे कॉमेट पडले. मग सगळी कॉमेट विमाने जमिनीवर बसवली.

दोष कसा सापडला? उंचावर हवा विरळ असते, म्हणून विमानात हवा दाबून भरतात. उतरल्यावर दाब कमी होतो. दर फेरीला पत्रा ताणायचा, सैल व्हायचा. तार पुन्हापुन्हा वाकवली तर तुटते ना, तसेच हे. इंग्लंडात फार्नबरो येथे अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून दाब देत राहिले. शेवटी खिडकीच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला.

एल्बाच्या समुद्रातून विमानाचे तुकडे काढले, तसे काही टपालही हाती आले. पाण्यात डिंक सुटतो, तिकीट निघून जाते, शाई पसरते. म्हणून अपघातातून वाचलेल्या पाकिटावर टपालखाते तसा शिक्का मारते आणि पत्ता लागला तर पत्र पोचते करते.