गोधडीतील माया

उर्दूत जिला गुदडी म्हणतात, तिलाच मराठीत गोधडी म्हणतात. पुण्याच्या रविवार पेठेत कापडाचा मोठा बाजार आहे. तेथून आणलेल्या कापडाचे कपडे शिवून झाले की लहानमोठे तुकडे उरतात. तेच जोडून गोधडीचा रंगीत दर्शनी भाग तयार करता येतो.

शिवणीसाठी कडेला सोडलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. माया म्हणजे प्रेमसुद्धा. पण ही माया मोजूनच ठेवावी लागते.

समजा, 12 सेंटिमीटरचे 8 चौकोन एका ओळीत जोडायचे आहेत. माया 1 सेंटिमीटर ठेवली, तर ओळ 82 सेंटिमीटर भरते. शिवण फक्त 1 मिलिमीटर आत गेली, तर प्रत्येक जोडात दोन्ही तुकडे मिळून 2 मिलिमीटर कमी होतात. 7 जोडांत 14 मिलिमीटर गेले! मग शेजारच्या ओळीशी कोपरे जुळत नाहीत. ओढून जुळवले, तर सुरकुत्या पडतात. उलट माया फार कमी ठेवली, तर धुताना धागे निसटून शिवण उसवते.

म्हणून आधी दोनच तुकडे जोडा आणि मोजा. 22 सेंटिमीटर भरले, तरच पुढे शिवा. एक जोड उसवणे सोपे असते. सगळी गोधडी उसवणे फार कठीण!