कल्हईला भांडी देण्याआधी

आज आम्ही कल्हईबद्दल बोलणार आहोत. तुमच्यातल्या काहीजणी लगेच म्हणतील, आता कुणाच्या घरात राहिलीत पितळी भांडी? तर एकदा माळ्यावर चढून बघा. सासूबाईंच्या रुखवतातलं पातेलं, एखादं घंगाळ, पुरणाला काढायची कढई, काहीतरी निघतंच. आणि ज्या गटांनी लग्नाकार्यासाठी भांडी भाड्याने द्यायचं काम धरलंय, त्यांच्याकडे तर मोठमोठी पितळी पातेली आहेतच. आमच्याही गटाकडे आहेत, सहा. त्यांच्यामुळेच हा विषय आम्हाला शिकावा लागला, आणि तोही मान खाली घालून.

झालं असं. गटाच्या अंतर्गत कर्जातून आम्ही ती पातेली घेतली. नवी होती, आतून चांदीसारखी पांढरी. दीड-दोन वर्षं भाडं चांगलं आलं. परत आलेलं पातेलं आम्ही विहिरीवर नेऊन वाळूने, तारेच्या काथ्याने खसाखस घासायचो. चकचकीत झालं की आम्हाला बरं वाटायचं. आतला पांढरा रंग जाऊन पिवळं दिसायला लागलं, तेव्हासुद्धा आमच्यातली एकजण म्हणाली, बघा कसं सोन्यासारखं निघालं!

मग एका वास्तुशांतीला त्यातल्या दोन पातेल्यांत ताकाची कढी झाली. पंगती लांबल्या आणि कढी तीन-चार तास पातेल्यातच राहिली. शेवटच्या पंगतीला ती हिरवट दिसायला लागली, चव तुरट, जिभेला धातू लागावा तशी. खाणाऱ्यांना मळमळायला लागलं, दोन पोरांना उलट्या झाल्या. आरोग्य केंद्रात नेलं, संध्याकाळपर्यंत ती बरी झाली, देवाची कृपा. पण गावात बोलणं झालं ते झालंच. "बचत गटाच्या भांड्यातलं जेवू नका." पुढचे तीन महिने एकही भांडं भाड्याने गेलं नाही. गटाच्या बैठकीत दोघीजणी म्हणाल्या, मोडीत घालू या. मोडीला घातलं तर घडणावळ बुडते आणि कर्जाचे हप्ते तसेच राहतात, म्हणून थांबलो.

कढीला काय झालं होतं, ते आपल्या आज्यांना एका शब्दात ठाऊक होतं. कढी कळकली होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत राहिला की धातू हळूहळू त्यात उतरतो. चिंच, आमसूल, ताक, दही, लिंबू, टोमॅटो, सगळ्यांचं हेच. आच आणि वेळ जितकी जास्त, तितका धातू जास्त उतरतो. त्यातल्या तांब्यानेच मळमळ, उलट्या, पोटात कळा येतात. असा पदार्थ पुन्हा उकळून किंवा गूळ घालून सुधारत नाही. तो टाकूनच द्यायचा, जनावरांनाही घालायचा नाही.

तांब्याचा हंडा, कळशी पाण्यासाठी असते, तिला आतून कल्हई लागत नाही. पण त्याच कळशीत ताक किंवा लिंबू सरबत करायचं नाही. उन्हाळ्यात कार्याच्या घाईत ही चूक हमखास होते.

कल्हई म्हणजे भांड्याच्या आत दिलेला कथलाचा पातळ थर. कथलावर आंबटाचा परिणाम फार कमी होतो, आणि ते अन्न आणि पितळ यांच्या मध्ये उभं राहतं. आपल्या देशात कथलाची खनिजं निघतात ती छत्तीसगडात, बस्तरच्या बाजूला, आणि तीही थोडी. बाकी कथील बाहेरच्या देशांतून येतं, म्हणून ते तांब्यापेक्षाही कितीतरी महाग पडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

चांगला कारागीर कसं काम करतो, ते आम्ही तालुक्याच्या बाजारातल्या कल्हईवाल्या चाचांच्या समोर बसून पाहिलं. ते आधी भांड्याचे पोचे ठोकून काढतात. मग आतून तेल, मळ, जुना थर साफ करतात. अगदी कोपऱ्यापर्यंत, कारण मळावर कथील धरत नाही. नंतर भट्टीत कोळसा पेटवून भांडं सांडशीने धरून फिरवत तापवतात. पूर्वी कातड्याचा भाता असायचा, आता हाताने फिरवायचा पंखा आहे. भांडं पुरेसं तापलं की कापसाच्या बोळ्याने नवसागराची पूड आत फिरवतात. पांढरा धूर उसळतो. नवसागर तापलेल्या धातूवरचा काळा पापुद्रा खातो. मग कथलाची कांडी आतून टेकवतात, ती मेणासारखी वितळते, आणि बोळ्याने झरझर सगळीकडे पसरवतात. पिवळं भांडं डोळ्यांदेखत पांढरं होतं. लगेच पाण्यात बुडवतात, चर्र आवाज येतो, झालं.

दिसायला हे दोन मिनिटांचं काम, पण सगळी करामत आचेत आहे. कथील २३२ अंशांना वितळतं. भांडं कमी तापलं तर गोळे राहतात, जास्त तापलं तर कथील जळून पिवळट पडतं. आम्ही चाचांना विचारलं, कळतं कसं? ते म्हणाले, "ताई, आग मी बघतो, भांडं तुम्ही बघा." तो धूर मात्र छातीत जाऊ देऊ नका. पोरं कौतुकाने भट्टीभोवती जमतात, त्यांना लांब बसवा. दम्याच्या बाईने तर तिकडे थांबूच नये.

चाचांकडे जाण्याआधी आम्ही एकदा फसलो होतो, तेही सांगते. कढीच्या प्रकारानंतर घाबरून आम्ही एका जत्रेत बसलेल्या माणसाकडून निम्म्या भावात कल्हई करून घेतली. पंधरा दिवसांत आतला रंग करडा पडला, फडकं फिरवलं की काळं येई. चाचांनी बघितलं आणि म्हणाले, यात शिसं आहे. शिसं कथलापेक्षा खूप स्वस्त. ते मिसळलेलं कथील कमी आचेवर वितळतं, म्हणजे कोळसाही कमी लागतो. करणाऱ्याचा दोन्हीकडून फायदा, आणि खाणाऱ्याच्या पोटात विष. शिसं अंगात साठत जातं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला आणि गरोदर बाईला त्याचा सगळ्यात जास्त धोका. कळकलेली कढी निदान चवीला कळते. शिसं चवीला कळत नाही, उलटीही होत नाही. म्हणून आम्हाला विचाराल तर स्वस्त कल्हईपेक्षा कल्हई नसलेलं भांडं परवडलं, त्यात निदान आपण आंबट घालत नाही.

मग ओळखायचं कसं? कारागिराला कथलाची कांडी दाखवायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही, सोनाराकडे आपण विचारतोच की. कांडी कोऱ्या कागदावर ओढा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर शिसं आहे. चांगल्या कथलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली तर बारीक करकर आवाज येतो. हा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला तेव्हा सगळ्याजणींनी पाळीपाळीने कांडी वाकवून बघितली, शेवटी चाचांनी ती काढून घेतली. मात्र थोडीच भेसळ असेल तर या खुणांनी ती पकडता येत नाही. त्यामुळे माणूस ओळखीचा असावा, एका जागी बसणारा असावा. उद्या तक्रार घेऊन जायला त्याचं ठिकाण पाहिजे. आणि फुटलेल्या भांड्याला डाग द्यायचा असेल तर आवर्जून विचारा, कशाचा देणार? साधा डाग बहुतेक शिसं घातलेला असतो. अन्नाच्या भांड्याला आतून तो नको, पितळेने झाळून घ्या.

भांडं परत घेताना उजेडात नेऊन बघा. तळ आणि बाजू मिळतात तो कोपरा, आणि काठाच्या खालची बोटभर जागा. कामात कसर राहते ती इथेच. पिवळा ठिपका दिसला तर तिथेच परत द्या, पुन्हा करून देतात. घरी आणून आधी नुसतं पाणी उकळून फेकून द्या.

त्यानंतरची काळजी आपली. रिकामं पातेलं चुलीवर ठेवायचं नाही. आत पाणी आहे तोवर आच शंभर अंशांच्या आसपास राहते, कथलाला काही होत नाही. कोरडं पातेलं किंवा कडकडीत तेल मात्र थर वितळेपर्यंत तापू शकतं. म्हणून फोडणी वेगळ्या लोखंडी कढईत करा आणि वरून ओता. आतून वाळू, तार, वीट काही लावू नका. मऊ फडकं, साबण, करपलं असेल तर रात्रभर पाणी भरून ठेवा. कितव्या महिन्याला कल्हई करायची, असं पुष्कळजणी विचारतात. महिने मोजण्यापेक्षा आत बघा, पिवळं किंवा लाल दिसलं की करायची. आणि हो, स्टीलला आणि जर्मनच्या भांड्याला ही कल्हई होत नाही, ती घेऊन येऊ नका, मागच्या वेळी दोघीजणी घेऊन आल्या होत्या.

सध्या आमची व्यवस्था अशी आहे. एकदोन भांड्यांसाठी चाचा गावात यायला तयार नव्हते, कोळसा आणि दिवस दोन्ही वाया जातो. आम्ही गावातून आणि शेजारच्या दोन वाड्यांवरून भांडी गोळा केली, चाळीसच्या वर झाली. मग ते आनंदाने आले, दरही थोडा कमी केला. दर ठरवताना एक सांगते. कोणी नगावर घेतं, कोणी वजनावर, म्हणून आधीच एकेका भांड्यापुढे रक्कम लिहून घ्या, संध्याकाळी वाद नको. चाचांकडे पावतीपुस्तक नाही. आमच्या सचिव ताई गटाचं व्हाउचर भरतात आणि त्यांची सही घेतात, म्हणजे लेखापरीक्षणात खर्च अडत नाही. प्रत्येक पातेल्याच्या भाड्यातले दहा रुपये आम्ही वेगळे ठेवतो, कल्हईसाठी. आणि भाड्याने देताना आतली बाजू गिऱ्हाइकाला दाखवूनच देतो. कढी करणार असाल तर झाली की स्टीलच्या पिंपात काढा, असंही सांगतो. भांडी पुन्हा जायला लागली आहेत. वास्तुशांतीवाल्या घरानेही परवा मुलीच्या साखरपुड्याला नेली. कढी नव्हती, बासुंदी होती.

पुढची कल्हई दिवाळीच्या आधी, समाजमंदिराच्या मागच्या अंगणात आहे. भांडं आदल्या दिवशी धुऊन आणा, कानाला तारेने चिठ्ठी बांधा आणि चिठ्ठीवर नाव पेनाने नको, खिळ्याने पत्र्यावर कोरून लिहा. मागच्या वेळी धुराने आणि पाण्याने सगळी नावं गेली, आणि तीन कढयांच्या मालकिणी रात्री आठपर्यंत भांडत होत्या.