गोष्ट कोण सांगतो?
कथा-कादंबरीतील निवेदक आणि दृष्टिकोन यांविषयी थोडेसे



आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत रविवारी सकाळी आम्ही काही मंडळी पुस्तके वाचतो व त्यावर बोलतो. एकदा दया पवार यांचे 'बलुतं' वाचायला घेतले होते. बारावीतील एका मुलीने विचारले, "काका, दगडू मारुती पवार आणि दया पवार हा एकच माणूस ना? मग एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची कशाला? सरळ 'मी' म्हणून लिहायचं की."

प्रश्न साधा होता, पण मला पटकन उत्तर देता आले नाही. मी कला शाखेचा पदवीधर, आणि गेली वीस वर्षे बँकेत कारकून. घरी येऊन विचार केला. त्या विचारातून हा लेख तयार झाला. मी समीक्षक नाही. एक वाचक म्हणून लिहीत आहे.

एकच व्यवहार, दोन वह्या

आमच्या काउंटरवर एखादा ग्राहक हजार रुपये भरतो. त्याच्या दृष्टीने ते 'माझे पैसे' असतात. बँकेच्या ताळेबंदात मात्र तीच रक्कम 'देणे' या बाजूला लिहिली जाते, कारण ती बँकेला परत द्यायची असते. कर्जाचे उलट. ग्राहकाचे देणे ते बँकेचे येणे. रक्कम एकच आणि तारीखही एकच, पण वही कोणाची यावर नोंदीचा अर्थ ठरतो. नोंद कोणतीच खोटी नसते.

कथेतही असेच असते. जो गोष्ट सांगतो त्याला मराठीत 'निवेदक' म्हणतात. तो जिथे उभा राहून पाहतो ती जागा म्हणजे त्याचा दृष्टिकोन. निवेदक आणि लेखक एकच असतील असे नाही, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' (१८९०-९३) या कादंबरीत यमू नावाची मुलगी स्वतःची कहाणी सांगते. लेखक पुरुष, निवेदक स्त्री. बाहेरून सांगितले असते तर वाचकाने यमूची कीव केली असती. ती स्वतः बोलू लागली तेव्हा वाचकाला तिच्या जागी बसावे लागले.

निवेदकाचे प्रकार

ढोबळमानाने दोन प्रकार सांगता येतील. पहिला 'मी' म्हणून बोलणारा, म्हणजे प्रथमपुरुषी. दुसरा 'तो', 'ती' असे सांगणारा, म्हणजे तृतीयपुरुषी. तृतीयपुरुषी निवेदकाला कधी सगळ्यांच्या मनातले माहीत असते, त्याला 'सर्वज्ञ' निवेदक म्हणतात. कधी तो एकाच पात्राच्या खांद्यावर बसून पाहतो.

'मी' म्हणणाऱ्या निवेदकाला मर्यादा असतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आपल्या शेजारच्या माणदेशातली. धनगरांच्या या वस्तीत बाहेरून आलेला तरुण शाळामास्तर ती सांगतो. मास्तर जाईल तिथेच आपण जातो, आणि त्याला जे कळत नाही ते आपल्यालाही कळत नाही. हा दोष नव्हे. परका माणूस हळूहळू गावाचा होतो आणि त्याच्याबरोबर वाचकही होतो, ही त्या कादंबरीची गोडी आहे. पण हेच गाव कारभाऱ्याने किंवा एखाद्या मेंढपाळ बाईने सांगितले असते तर ते वेगळे गाव झाले असते.

आपल्या धम्मसाहित्यातही ही जाण फार जुनी आहे. बहुतेक सुत्तांच्या आरंभी सांगणारा कबूल करतो की हे आपण ऐकलेले आहे. परंपरा हे निवेदन आनंदाचे मानते. आपण कुठे उभे आहोत हे तो आधी सांगून टाकतो. जातककथांची रचना पाहा. आधी वर्तमानातला प्रसंग येतो, मग भूतकाळातली गोष्ट, आणि शेवटी त्या गोष्टीतले कोण म्हणजे आजचे कोण याचा उलगडा. सांगणारे भगवान बुद्ध स्वतःच त्या गोष्टीतले एक पात्र होते, हे ऐकणाऱ्याला शेवटी कळते. पुनर्जन्माचा वाद येथे बाजूला ठेवू. रचना म्हणून ही विलक्षण आहे.

सरकारी दप्तराचा निवेदक

आपल्या सोलापुरात सेटलमेंट होती हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जाई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त ठरल्या. दप्तरातही एक निवेदक असतो. तो 'मी' म्हणत नाही, म्हणून तो निःपक्षपाती वाटतो, पण कुंपणाच्या कोणत्या बाजूला तो उभा होता हे विचारले पाहिजे.

अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' (१९५९) लिहिली ती तृतीयपुरुषीच. तरी तिचा निवेदक दप्तराच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांना जगवणारा फकिरा दप्तरात दरोडेखोर ठरतो, कादंबरीत वीर ठरतो. ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे येथे आठवावे. पुढे लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) आले, तेव्हा ज्यांच्याविषयी दप्तर बोलत होते तेच 'मी' म्हणून बोलू लागले.

'मी' म्हणण्याचे बळ

खुद्द बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत १९०१ सालचा प्रवास आहे. साताऱ्याहून मुले वडिलांना भेटायला निघाली. वडील कोरेगावला कॅशियर होते. मसूर स्टेशनवर त्यांना घ्यायला कोणी आले नाही. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडी मुलांनाच हाकावी लागली. अस्पृश्यतेवर बाबासाहेबांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. येथे मात्र नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या नजरेने पाहिले आहे. त्या मुलाला कारण कळत नाही, तहान मात्र कळते. ती तहान वाचकालाही लागते.

बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत रेल्वेत नोकरी लागलेला तरुण जात लपवून परगावी राहतो. तोच निवेदक आहे. भोवतालच्या माणसांना त्याचे गुपित माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. त्यामुळे कोणी त्याला आदराने बोलावले की त्याच्याबरोबर आपल्याही छातीत धडधडते. सर्वज्ञ निवेदकाने ही गोष्ट सांगितली असती तर अन्याय समजला असता, पण भीती समजली नसती.

स्त्रियांनी यात आणखी भर घातली. शांताबाई कांबळे आपल्या जिल्ह्यातल्या महूदच्या, पेशाने शिक्षिका. त्यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) या नावातच 'जन्म' नाही, 'जल्म' आहे. शिकलेल्या बाईने घरची बोली टाकून दिलेली नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' तर 'मी' पेक्षा 'आम्ही' म्हणून बोलते. तेथे सगळा महारवाडाच निवेदक होतो. आपल्या जिल्ह्यातल्याच हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये मात्र 'आम्ही' म्हणायचीच चोरी आहे. आपण नेमके कोणाचे, हाच त्या 'मी'चा प्रश्न आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेतील मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' ही कादंबरी १८८४ साली आली. पळून निघालेला काळा गुलाम जिम तीत आहे, पण गोष्ट सांगतो हक हा गोरा मुलगा. एकशे चाळीस वर्षांनी, २०२४ साली, पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकाने 'जेम्स' ही कादंबरी लिहिली. कथेचा सांगाडा तोच, निवेदक मात्र जिम. हकला जो भोळा वाटला होता तो मुळात गोऱ्यांसमोर मुद्दाम तसे बोलत होता, असे येथे दिसते. या कादंबरीला २०२५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

माझी एक चूक

आता स्वतःचे सांगतो. माझी आई बिड्या वळायची. मी कॉलेजात असताना वार्षिकांकासाठी तिच्यावर कथा लिहिली होती. प्रसंग खरा होता. एका संध्याकाळी मोजणाऱ्याने तिच्या बऱ्याच बिड्या वाईट ठरवून बाजूला काढल्या आणि तेवढी मजुरी कापली. मी लिहिले की त्या माउलीच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहू लागल्या, तिच्या अंतःकरणाचे पाणी पाणी झाले, वगैरे. कथा छापून आली, कौतुक झाले. मोठ्या अभिमानाने आईला वाचून दाखवली.

तिने सूप खाली ठेवून ऐकले. मग म्हणाली, "आरं, ही बाई कोन? मी कुटं रडले तवा? मी तर हिशोब करत हुते. एवढं पैसं गेलं, आता तुझ्या फीला किती कमी पडत्यात त्ये."

मी गप्प झालो. मी सर्वज्ञ निवेदक झालो होतो, पण मला आईच्या मनातले काहीच माहीत नव्हते. ती रडणारी बाई मी पाठ्यपुस्तकांतून आणि सिनेमातून आणली होती. मी तिचा मुलगा, तिच्याच घरात राहणारा, तरी ओसरीवर उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या नजरेने तिच्याकडे पाहिले होते. म्हणून केवळ जन्माने दृष्टिकोन मिळतो असे मला वाटत नाही. आपट्यांनी पुरुष असून यमूचा आवाज ऐकला, आणि मी मुलगा असून आईचा ऐकला नाही. आधी विचारावे लागते, ऐकावे लागते, मग लिहावे लागते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

'बलुतं' (१९७८) मध्ये दोघे का? माझ्या समजुतीप्रमाणे असे की, शिकून, नोकरी लागून, शहरात राहू लागलेला माणूस एक राहत नाही. दया पवार हा पांढरपेशा झालेला कवी. दगडू हा महारवाड्यातला पोर. एकाच कातडीत दोघे राहतात आणि एकाला दुसऱ्याची लाजही वाटते. दगडू सांगतो आणि दया पवार ऐकतो, या योजनेमुळे ती लाज लपत नाही. पुस्तकात ती समोरासमोर बसते. सरळ 'मी' म्हटले असते तर दोघांतले अंतर दिसले नसते. आपल्यापैकी जे टेबल-खुर्चीवर बसून नोकरी करतात त्यांनी आपल्या आतला दगडू आपल्याला काय सांगतो आहे हे एकदा ऐकून पाहावे.

तरुण मित्रांना एवढीच विनंती, की वाचताना प्रत्येक कथेला तीन प्रश्न विचारा. कोण सांगतो आहे? तो कुठे उभा आहे? आणि या कथेत कोणाला बोलायला मिळालेले नाही? वर्तमानपत्रातील बातमी, कचेरीतील अहवाल आणि गल्लीतील भांडण यांनाही हेच प्रश्न लागू पडतात. आणि लिहिणार असाल तर घरातल्या वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसा, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा.

माझी आई आता नाही. ती कथा मी पुन्हा लिहिली आहे. तिच्यात कोणी रडत नाही. एक बाई बोटांवर हिशेब करत चालली आहे, आणि तिच्या मागे चालणाऱ्या मुलाला तो हिशेब ऐकू येतो आहे, एवढेच आहे.