चंद्रावरची दुर्बीण सांभाळायची कशी?

कोजागरीच्या सुमारास जबलपूरकरांची पावलं भेडाघाटाकडे वळतात. नर्मदेच्या संगमरवरी कड्यांवर उतरलेलं ते चांदणं डोळे निववतं. पण हाच शीतल चंद्र यंत्रांच्या जिवावर उठतो. त्याच्या विषुववृत्तावर भर दुपारी जमीन १२० अंशांपर्यंत तापते आणि रात्री उणे १३० अंशांपर्यंत गारठते. तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा, रात्रही तेवढीच.

मग तिथे दुर्बीण न्यायचा हट्ट कशाला? कारण तिथे हवा नाही. आपल्या वातावरणात अडकणारे अतिनील किरण तिथे थेट मिळतात.

एप्रिल १९७२ मध्ये अपोलो-१६ च्या अंतराळवीरांनी जॉर्ज कॅरुथर्स यांचा सोन्याचा मुलामा दिलेला दुर्बीण-कॅमेरा चंद्रावर मांडला. तो तापू नये म्हणून उपाय काय, तर यानाची सावली! सूर्य वर चढला की सावली आखडायची, मग कॅमेरा पुन्हा सावलीत सरकवायचा. वाळवण उन्हात सरकवतो ना, त्याच्या बरोबर उलट.

रात्र मात्र सावलीने निभत नाही. २०१३ मध्ये उतरलेल्या चीनच्या चांग-ए-३ यानातली १५ सेंटिमीटरची दुर्बीण दिवसा आकाश पाही आणि रात्री झोपे. किरणोत्सारी पदार्थाच्या उबेवर ते यान रात्री काढत राहिलं. आपल्या विक्रम आणि प्रज्ञानजवळ अशी शेगडी नव्हती. त्यांची आखणीच एका चांद्रदिवसापुरती होती. २२ सप्टेंबर २०२३ ला इस्रोने हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही.

तरी विक्रमने जाण्याआधी एक मोलाची गोष्ट सांगितली. त्याच्या तापमापकाला वरची माती पन्नास अंशांच्या आसपास तापलेली आढळली, तर फक्त ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश! म्हणजे चंद्राची माती ही चांगली जाड गोधडीच आहे. उद्याची यंत्रं तिच्याखाली पुरून ठेवता येतील.

पण हीच माती वर उडाली की वैरीण होते. नर्मदेतला गोटा पाण्याने घासून गुळगुळीत होतो. चंद्रावर ना पाणी, ना वारा, त्यामुळे धुळीचा कण काचेच्या तुकड्यासारखा धारदारच राहतो. शिवाय उन्हाने त्याच्यावर विद्युतभार चढतो आणि तो चिकटून बसतो. अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या आरशांकडून आता अपेक्षेच्या जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश परततो, आणि मुख्य संशय धुळीवरच आहे. फडक्याने पुसावं तर काचेवर ओरखडे.

मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट यानावर नासाने वेगळी युक्ती करून पाहिली. काचेला विजेच्या लहरी दिल्या, आणि वरची धूळ आपोआप झटकली गेली.