खाचरात पाणी किती ठेवावं?



मुळशीत पावसाळा म्हणजे भात. चिखलणी झाली, लावणी आटपली, की खाचरं पाण्यानं भरून जातात. भाताला सारखं पाणी हवं, असं आपण ऐकतो. पण ह्या पाण्याचा हवेतल्या उष्णतेशीही संबंध आहे. तो कसा, ते पाहू.

बुडबुडे कशाचे?
भरल्या खाचरात पाय टाकला की चिखलातून बुडबुडे येतात. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही. तिथं पाला, शेण, जुनी धसकटं कुजत असतात. हवेशिवाय जगणारे सूक्ष्म जीव त्यांतून मिथेन नावाचा वायू तयार करतात. गोबरगॅसच्या टाकीत हाच वायू तयार होतो. टाकीतला वायू चूल पेटवतो. खाचरातला मात्र हवेत जातो. भाताच्या रोपात मुळांना हवा पोचवणाऱ्या बारीक नळ्या असतात. बराचसा मिथेन त्याच वाटेनं बाहेर पडतो. १०० वर्षांचा हिशोब धरला, तर १ किलो मिथेन सुमारे २७ ते ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

दुसरीकडे उलटंच!
थंड देशांत व इंडोनेशियासारख्या बेटांवर दलदलीची जमीन असते. तिथं हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्याखाली पुरता न कुजता साठलेला आहे. आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरातही अशी माती थोडी सापडते. अशा जमिनी जगाच्या सुमारे ३ टक्केच. पण त्यांत जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन आहे. फिनलंडमध्ये झाडं चांगली वाढावीत म्हणून चर खणून निम्म्याहून जास्त दलदल सुकवली. पाणी उतरलं, हवा आत शिरली आणि जुना पाला कुजून कार्बन डायऑक्साइड निघू लागला. तिथं उपाय काय? चर बुजवून पाणी पुन्हा वर आणायचं.

म्हणजे बघा, तिथं पाणी काढल्यानं नुकसान, तर खाचरात सारखं भरून ठेवल्यानं. जमीन कुठली, हे पाहूनच पाणी ठरवावं लागतं.

ओलं-सुकं भात
फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं एक सोपी रीत सांगितली आहे. फूटभर लांबीची, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडलेली नळी खाचरात अर्धी रोवायची व आतली माती काढायची. म्हणजे जमिनीखालचं पाणी दिसतं. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलं, की पुन्हा द्यायचं. असं केल्यानं पाण्याची बचत होते आणि मिथेनही बराच कमी होतो. मात्र लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे पाणी ठेवावं, नाहीतर तण माजतं. फुलोऱ्याच्या वेळी तर ५ सेंटिमीटर पाणी हवंच, नाहीतर दाणे पोचट राहतात.

आपल्याकडे जमेल का?
खरी अडचण इथंच आहे. आपलं भात पावसाचं. आषाढात पाणी थांबता थांबत नाही आणि भादव्यात पावसानं दडी मारली, तर सोडलेलं पाणी परत कुठून आणणार? म्हणून ज्याच्या खाचराला ओढ्याचं किंवा विहिरीचं पाणी मिळतं, त्यानंच ही रीत करून पाहावी. ज्याच्याकडे तशी सोय नाही, त्यानं बांध फोडून पाणी सोडू नये. मग त्यानं काय करावं? हिरवा पाला किंवा पेंढा चिखलात तसाच गाडण्यापेक्षा चांगलं कुजलेलं शेणखत घालावं. त्यानं मिथेन कमी निघतो. आणखी एक गोष्ट. युरिया टाकला आणि जमीन ओली-सुकी होत राहिली, तर नायट्रस ऑक्साइड हा आणखी कडक वायू निघतो आणि खतही वाया जातं. म्हणून खत बेतानं, थोडं थोडं द्यावं.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली इंद्रायणी वाण दिलं. ते आज घरोघरी आहे. नवी गोष्ट आपला शेतकरी घेतो. पण आधी एका खाचरात करून पाहतो, मगच. ही रीतही तशीच पाहावी.

सांगा पाहू!
१) मिथेन कुठं तयार होतो, हवेत की हवा नसलेल्या चिखलात?
२) दलदल सुकवली तर कोणता वायू निघतो?
३) फुलोऱ्यात खाचर का सुकवू नये?
४) तुमच्या खाचराला पावसाशिवाय दुसरं पाणी आहे का? घरी विचारून या.